संत्रं सोलणारा वाघ

"वाघ कधी संत्रं खाते का वं?"

यमू आजींनी माझा कागद आधी सरळ धरला, मग आडवा धरला, मग चक्क उलटा करून पाहिला. त्यांच्या घराची रस्त्याकडची दोन मजली भिंत मला चित्रासाठी हवी होती, आणि तिच्यावर काय येणार हे कळल्याशिवाय त्या भिंतीला बोट लावू देणार नव्हत्या.

"खात नाहीये आजी. नुसतं सोलतोय."

"कोणासाठी?"

ह्याचा मी विचार केला नव्हता.

"पाहुण्यासाठी असन नं," समोरच्या ओट्यावरून कंडक्टर काका म्हणाले. त्यांचं नाव गुलाबराव हेडाऊ, पण एकतीस वर्षं एसटीत काढल्यामुळे ते नाव फक्त लाइटच्या बिलावर उरलं होतं. "नागपूरचा वाघ होय. पाहुण्याले आधी फोडी खाऊ घालते, मंग पाहुणा खाते."

आजींना हे पटलं. "मंग काढ," म्हणाल्या. "पण दात लहान काढजो. लेकरं भेतात."

मी घरापर्यंत पळत गेले. तेवीस वर्षांची होते, आणि पळण्यासारखंच होतं. मुंबईहून भिंती रंगवणाऱ्यांचा एक चमू नागपुरात आला होता. आठ मोहल्ले, आठ भिंती, आणि त्यातली एक मला मिळाली होती. चमूचा म्होरक्या निशाद. त्याने माझी पहिली दोन स्केचेस 'यात नागपूर दिसत नाही' म्हणून परत पाठवली होती. नागपूर म्हणजे बाहेरच्यांच्या लेखी वाघ नाहीतर संत्रं. चिडून मी दोन्ही एकत्र केलं: भिंतभर वाघ, खाली वाकलेला, पुढच्या दोन पंजांत संत्रं, नखानं सालं काढतोय. टोमणा म्हणून पाठवलं होतं. निशादने ताबडतोब मंजूर केलं.

"रविवारी अकराला मी बघायला येईन," तो म्हणाला होता. "भिंत स्केचसारखी असेल तर संध्याकाळी सहाला आमच्याबरोबर गाडीत बस. पुढे बारा शहरं आहेत."

आणि नसेल, तर सोमवारपासून माझ्या सख्ख्या काकांच्या ओळखीच्या वकिलाकडे टायपिंग. बाबा गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द चालायचा, आई आणि मी त्यांच्या आधाराने राहत होतो, आणि त्यांच्या ओळखी फार होत्या. ह्या वकिलाच्या ऑफिसला खिडकी नव्हती. मी जाऊन बघून आले होते. भिंती मात्र चार होत्या, चारही पिस्ता रंगाच्या.

"भिंती रंगवून पोट भरते का?" आई विचारायची.

"बारा शहरांत भरतं."

"बाराही शहरात भूक लागन तवा समजन," ती म्हणायची आणि डबा भरून द्यायची.

आता आमची कामाची रीत सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला. एवढ्या मोठ्या भिंतीवर चित्र थेट काढता येत नाही, प्रमाण हुकतं. म्हणून भिंतीवर आधी वाटेल त्या खुणा करायच्या. फुल्या, गोळे, अक्षरं, काहीही. मग तिचा फोटो काढायचा, मोबाइलवर त्या फोटोवर स्केच ठेवायचं, आणि वाघाचा कान कुठल्या फुलीपाशी येतो, शेपूट कुठल्या गोळ्यातून जाते, हे बघत चित्र उतरवत न्यायचं. खुणा शेवटी रंगाखाली जातात. वरच्या मजल्याच्या खुणा मी शिडीवरून एकटीनेच केल्या. पण गुरुवारी संध्याकाळी खाली उतरले तर निम्मा मोहल्ला जमला होता.

"आम्ही काढू का?" कुणीतरी विचारलं.

"काढा की!" मी म्हटलं. "काहीही काढा!"

पुढचं वाक्य, म्हणजे 'नंतर ते पुसलं जाणार आहे', हे मी बोललेच नाही. खरं सांगायचं तर मला चढली होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चित्रासाठी माणसं रांग लावत होती. कंडक्टर काकांनी खडूने नागपूर ते चंद्रपूर सगळे थांबे लिहिले: बुटीबोरी, जांब, वरोरा, भद्रावती. कुणी क्रिकेटचा धावफलक लिहिला, कुणी आपल्या बकरीचं चित्र काढलं.

मग यमू आजी पुढे आल्या. "मले लिहिता येत नाही बाप्पा. मी काय काढू?"

"हात उमटवा आजी!" मी म्हटलं, आणि परातीत गेरू कालवून त्यांच्यापुढे धरला.

आजी क्षणभर परातीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी उजवा हात गेरूत बुडवला आणि भिंतीवर असा दाबून धरला की मला वाटलं वीट आत जाईल. त्यांच्यामागून दुसरी बाई आली, मग तिसरी. पदर खोचून, हसत, एकमेकींना ढकलत सगळ्या आल्या. एक सासू सुनेला म्हणाली, "तू माह्याहून वर नोको लावू." सुनेने वरच लावला. मी टाळ्या वाजवत होते. अंधार पडायच्या आत मी फोटो काढला. खाली माणसाच्या उंचीच्या पट्ट्यात एक्केचाळीस हात होते.

शुक्रवारी सकाळी नारिंगी रंगाचा पहिला फटकारा वाघाच्या गालावर मारायला गेले, तोच मागून किंकाळी आली.

"हात बुजवते का वं! भैताड पोट्टी!"

यमू आजी एका चपलेत धावत आल्या. दुसरी चप्पल हातात होती. त्यांच्या ओरडण्याने सगळे दरवाजे उघडले, आणि मग मला आठवलं.

आमच्या मोहल्ल्यात नवी सून आली की दाराशेजारी भिंतीवर तिच्या उजव्या हाताचा ठसा घेतात, गेरूचा. तो हात तिचा. दर दिवाळीला घर रंगवतात, पण कुंचा त्या हाताच्या भोवतीने फिरतो. रंगाचे थर चढत जातात आणि जुन्या सुनांचे हात भिंतीत खोल गेल्यासारखे दिसतात. बाईचा हात बुजवायचा नाही. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही. मी त्याच मोहल्ल्यात जन्मले, आणि माझ्याच तोंडाने एक्केचाळीस बायकांना 'हात उमटवा' म्हणून सांगितलं होतं.

"पण आजी, हे तर चित्रासाठी होतं!"

"मंग काढ नं चित्र. हात सोडून काढ."

"वाघाच्या तोंडावर आहेत सगळे! तो वाकलाय ना खाली!"

"त्याले सांग उभा राह्य म्हणून."

दुपारपर्यंत बायकांनी भिंतीसमोर बाज आणून टाकली आणि पाळ्या लावून पहारा सुरू केला. भाज्या तिथेच निवडल्या जात होत्या. कंडक्टर काकांनी मध्यस्थी केली. आपले थांबे त्यांनी उदार मनाने परत केले, फक्त एक सोडून.

"वरोरा राहू दे पोरी. तिथं माही सासुरवाडी आहे. उद्या बायकोनं पाह्यलं तं मले एसटीत बसवून देईन."

मी फुटपाथवर बसून हिशेब केला. बारा शहरं. एक्केचाळीस हात. एक वरोरा. रडावं की हसावं कळेना, म्हणून आधी थोडं रडले. मग उठले, बारीकातला बारीक ब्रश घेतला आणि हात सोडून रंगवायला लागले. बोटांच्या फटींतून नारिंगी भरायचा, मनगटाशी काळा पट्टा थांबवायचा, पुढच्या हाताला वळसा घालायचा. एकेका हाताला पाच-सात मिनिटं.

आणि शनिवारी दुपारी एक मजा झाली. वाघ दिसायला लागला, आणि बायकांना आपला हात कुठे पडलाय ते कळायला लागलं.

"अवं, मी नाकावर आहे!" यमू आजी ओरडल्या. "पाह्य नं! म्या वाघाचं नाक धरून ठेवलं!"

मग जो दंगा झाला तो मी जन्मात विसरणार नाही. एकीचा हात मिशांत निघाला. दुसरीचा जिभेवर, ती इतकी लाजली की घरात जाऊन बसली. वर लावणाऱ्या सुनेचा हात बरोबर सुळ्यावर आला आणि सासूचा संत्र्यावर, तर सासू हटूनच बसली की मलाही दात पाहिजे. पलीकडच्या गल्लीतल्या बायका येऊन विचारायला लागल्या, आता हात लावता येईल का, शेपटीवर चालेल. कंडक्टर काका लोकांना भिंत दाखवत होते, "आगे बढो, आगे बढो, कानापाशी जागा आहे!" 'वरोरा' गालाच्या केसांत छान लपला होता. हा वाघ आहे की बिबट्या, ह्यावर दोन माणसांचं भांडण लागलं. मी शिडीवर बसून इतकी हसत होते की खालून दोघींनी शिडी धरून ठेवली.

अडचण एकच होती. डावा डोळा. तिथे नेमका, बुबुळाच्या जागी, एक हात होता. लहानसा, बोटं जुळवलेली, जरासा तिरका, घाईत लावल्यासारखा.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

कंडक्टर काका ओट्यावर उभे राहिले. "ह्या हाताचा कोणी मालक आहे का? डोळ्याचा हात! शेवटची वेळ विचारून राहिलो!" चाळीस जणींनी आपापले हात ओळखून घेतले होते. हा एक्केचाळिसावा कुणाचाच नव्हता.

बरंच झालं, मी म्हटलं. ज्याला मालक नाही त्याचं भांडणही नाही. गालांवर, नाकावर हात चालतील, पण डोळा पाहिजे. डोळा असला की वाघ वाघासारखा दिसतो आणि मी गाडीत बसते. तो मी रविवारी सकाळसाठी ठेवला.

रविवारी सातला भिंतीसमोर कुणी नव्हतं. पहारेकरणी अंघोळीला गेल्या होत्या. मी स्टुलावर उभी राहून पिवळा रंग घट्ट कालवला. आई चहाची किटली घेऊन आली आणि वाघाकडे बघत उभी राहिली. तीन दिवसांत ती भिंतीसमोर थांबलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

"झालं का?" तिने विचारलं.

"हा एवढाच राहिलाय. कुणाचाच नाहीये हा हात. बुजवते आणि डोळा काढते."

"बुजव नं," आई म्हणाली. "मले सवय आहे."

मला वाटलं, नेहमीचा टोमणा. मी ब्रश टेकवणार तोच हात थांबला.

"हा तुझा आहे?"

"मंग? गुरुवारी डबा घेऊन आली होती नं मी. तू फोटो काढायच्या गडबडीत. परात तिथंच होती. वाटलं, लावून पाहावं."

"मग बोलली का नाहीस? अख्खा मोहल्ला विचारत होता!"

"काय बोलू? तुहं काम अडलं असतं." तिने कपात चहा ओतला. "आण ब्रश इकडे, थंडा होते हा."

"सवय कसली, आई?"

ती जरा चकित झाली, मला खरंच माहीत नाही हे बघून. "नवरा गेला का बाईचा दारचा हात बुजवते नं पहिल्या दिवाळीले. यमू मावशीचाही बुजवला. माहाही बुजवला. तुह्या काकानं चुना कालवला आणि कुंचा तुह्याच हातात देला. अकरा वर्षाची होती तू. काय साफ मारला होता! खाली एक थेंब नाही. येणारं-जाणारं थांबून पाह्ये, म्हणे पोट्टीचा हात चांगला आहे." तिने कप माझ्याकडे केला. "मलेही तवाच वाटलं, हात चांगला आहे."

हे सगळं ती कौतुकाने सांगत होती. आवाजात कणभर तक्रार नव्हती, आणि मला तेच सोसवेना.

ती दिवाळी मला लख्ख आठवत होती. चुन्याचा वास, काकांची शाबासकी, मिळालेली फुलबाज्यांची पेटी. निशादच्या अर्जात एक प्रश्न होता, 'पहिली भिंत कधी रंगवली?' मी अभिमानाने लिहिलं होतं: अकराव्या वर्षी, घराची पुढची भिंत, एकटीने. आमच्या दाराशी आईचा हात नाही हे मी रोज येता-जाता बघत होते. तो का नाही, हे इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

पिवळा रंग ब्रशवरून माझ्या मनगटावर आला. मी ब्रश पाण्यात टाकला. मग बारीक ब्रश घेतला, नारिंगी भरला, आणि आईच्या हाताभोवती, बोटांना स्पर्श होऊ न देता, वाघाची कातडी पुरी केली. वर एक जाड काळी भुवई काढली. आई बाजेवर बसून बघत होती. वाघाने एक डोळा मिटला होता आणि मिटलेल्या डोळ्यावर हात ठेवला होता.

"असा कसा हा?" आई म्हणाली. "लपाछपीत राज्य आलं का याच्यावर?" आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, गदगदून. मीही हसले, आणि रडत होते तेही खरं.

अकराला निशाद आला. भिंत बघितली आणि तोही हसत सुटला. यमू आजींनी त्याला स्वतःचं नाक धरून दाखवलं, मग वाघाचं दाखवलं. कंडक्टर काकांनी वरोरा दाखवला.

"कमाल आहे," डोळे पुसत तो मला म्हणाला. "हातांचं मी सांभाळून घेईन. लोकसहभाग म्हणू. पण डावा डोळा?"

"नाही काढलेला."

"ते दिसतंय. रंग देणाऱ्या कंपनीला कॅलेंडरसाठी वाघ पाहिजे, हर्षाली. आंधळा वाघ ते छापणार नाहीत. आणि माझ्याकडे एकच जागा आहे गाडीत. दहा मिनिटांचं काम आहे. काढून टाक."

"तिथं माझी आई आहे."

त्याला कळलं नाही. मी सांगितलं, चार वाक्यांत. भिंतीजवळ जाऊन त्याने तो हात जवळून बघितला, त्याला बोट मात्र लावलं नाही. तो वाईट माणूस नव्हता. "गाडी सहाला निघेल," म्हणाला. "तोपर्यंत विचार कर."

सहापर्यंत मी बाजेवर बसून होते. पिवळ्या रंगाचा डबा समोर होता, दहा मिनिटांचं काम होतं. खोटं कशाला बोलू, दोनदा उठले. साडेसहाला कंडक्टर काका चौकातून आले आणि म्हणाले, "गेली गाडी. टायमावर सुटली." सवयीने त्यांना त्याचं बरं वाटत होतं.

सोमवारी मी पिस्ता रंगाच्या ऑफिसात टायपिंगला बसले आणि सव्वा वर्ष बसले. पुढे भिंती मिळत गेल्या, नागपुरातच, मोहल्ल्या-मोहल्ल्यांत. आता आठ वर्षं झाली. खुणांसाठी मी आधी सगळ्यांचे हात घेते आणि चित्र मागून ठरवते. त्यावर दोन वेळचं भरतं. बारा शहरं अजून बघितलेली नाहीत.

पण त्या रविवारचं राहिलं. गाडी गेल्यावर बायका आपापल्या स्वयंपाकाला गेल्या. आई माझ्याशेजारी येऊन बसली. परातीत थोडा गेरू शिल्लक होता. वाळत आला होता, मी त्यात पाणी घातलं.

"आई, घरी चल," मी म्हटलं. "आपल्या दाराशी तुझा हात पुन्हा घेते. आत्ताच्या आत्ता. काका काय म्हणायचं ते म्हणू देत."

आईने मान वर करून भिंत पाहिली. रस्त्यावरून जाणारा एक रिक्षावाला थांबून वाघाकडे बघत होता, त्याच्यामागे दोन सायकली थांबल्या होत्या.

"तिथं काहाले?" ती म्हणाली. "तिथं तुह्या काकाले दिसते. इथं साऱ्या नागपूरले दिसते."